अजून नाही

ठाणे,
रविवार, १७ जुलै १९९४

ती. शेवंतीवन्संना शालूचा वाकून नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. लावणी आटोपली, शेजारच्या मालनकडे पाळणा हलला, गुडघा बरा आहे, सगळं वाचलं. तुम्ही 'गुडघा बरा आहे' लिहिता तेव्हा तो हमखास दुखत असतो, हे मला आता कळतं. तेल लावत जा. नुसतं बाटलीकडे बघून दुखणं जात नाही.

इकडे एक नवीनच प्रकार झाला आहे. ऐकून तुम्ही पदराआड हसाल. मी तुमच्या भावाची मास्तरीण झाले!

त्याचं असं झालं. यांच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायची जुनी मशिनं आता काढणार आणि स्पेनहून नवीन आणणार. ती चालवायला शिकण्यासाठी दिवाळीनंतर आठ जणांना तीन महिने स्पेनला पाठवणार. तिथल्या माणसांना इंग्रजी यथातथाच येतं, म्हणून जाणाऱ्याला थोडं तरी स्पॅनिश यायला हवं असं ठरलं. शोधाशोध सुरू झाली तर ह्यांनीच साहेबांना सांगितलं की आमच्या घरी स्पॅनिश येतं. लग्नाआधी मी बॅलार्ड इस्टेटच्या कचेरीत टायपिस्ट असताना ती भाषा शिकायला लागले, पुढे डिप्लोमा केला, दादरच्या संस्थेत संध्याकाळी शिकवायला लागले, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "त्या भाषेत भाकरी भाजता येते का?" येते वन्सं, आता येते. आठवड्यातून तीन दिवस, पहिली पाळी सुटली की कारखान्याच्या कँटीनमध्ये मी वीस माणसांना शिकवते, आणि अगदी पहिल्या बाकावर, माझ्या नाकासमोर, तुमचा भाऊ बसलेला असतो.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. स्पॅनिशमध्ये 'तुमचं नाव काय' शिकवताना प्रत्येकाला नावाने हाक मारावी लागते. उखाण्याशिवाय मी यांचं नाव कधी घेतलंय? यांच्यापाशी आले आणि जीभच वळेना. तो नाथा, यांच्याच खात्यातला, मागून ओरडला, "बाई, घ्या की नाव, आम्ही काय रोह्याला नणंदबाईंना कळवत नाय!" मग डोळे मिटून म्हटलं, "सहदेव!" आणि अख्ख्या कँटीनने टाळ्या वाजवल्या. हेसुद्धा लाजले. वर्गात मला 'बाई' म्हणतात आणि घरी आल्यावर विसरून एकदा म्हणाले, "बाई, चहा ठेवता का?"

मी तिथे परीक्षेचे मार्क देत नाही. तशी अटच घातली साहेबांना. हजेरीचे मार्क नाहीत, वहीचे नाहीत, गृहपाठाचे नाहीत. माणसाला ती भाषा वापरून काय करता येतं तेवढंच बघायचं. नाव-गाव सांगता येतं का, वाट विचारता येते का, कामाचं बोललेलं समजतं का. 'जमतं', 'जमू लागलंय' आणि 'अजून नाही', अशा तीनच पायऱ्या. आज नाही जमलं तर पुन्हा यायचं, हवं तितक्या वेळा. शेवटी जे जमेल ते खरं. साहेब म्हणाले, "मॅडम, शंभरपैकी किती ते सांगा ना, वरती पाठवायला बरं." मी म्हटलं, पोरीच्या पहिल्या करपलेल्या भाकऱ्या आजच्या फुगलेल्या भाकरीत धरून आपण सरासरी काढतो का? साहेबांना भाकरी कळली. तयार झाले.

यांचा अभ्यास जोरात आहे. मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघतात की मला पदर सारखा करावासा वाटतो. वही मोत्यासारखी. सगळे संवाद तोंडपाठ. पहिलीतलं पोर बरं, इतका उत्साह. घरी मात्र तेच. मी भाजी निवडत काही सांगितलं की 'हं'. दुसरं सांगितलं की 'हं'. त्यातलं किती आत जातं देव जाणे. जन्माची सवय आहे, मीही आता मनावर घेत नाही.

जे आठांत बसणार नाहीत त्यांचं काय, ते कोणी स्पष्ट बोलत नाही. पण जुनी मशिनं गेली की ती चालवणारी माणसं कशाला ठेवतील? 'स्वेच्छेने निवृत्त व्हा' अशी कुजबुज आहे. तुम्ही काळजी करू नका. यांचं होणारच.

तुमची,
शालू


ठाणे,
गुरुवार, ६ ऑक्टोबर १९९४

ती. शेवंतीवन्सं यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. घटस्थापनेच्या दिवशी असं पत्र यावं याचं वाईट वाटलं, पण तुम्हाला राग येणं साहजिक आहे. नाथाची सासुरवाडी रोह्याची, म्हणून बातमी माझ्याआधी पोचली. मीच आधी लिहायला हवं होतं. लिहायला बसले होते दोनदा.

"भावाला चार लोकांत उताणा पाडणारी बायको मी आजवर बघितली नव्हती" असं तुम्ही लिहिलंत. आता झालं ते जसंच्या तसं सांगते, मग काय म्हणायचं ते म्हणा.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. सुरतेच्या प्लेगची हाकाटी तुमच्याकडेही पोचलीच असेल. इथे तर लोक रस्त्यात एकमेकांपासून चार हात लांब चालत होते. कारखान्याच्या गेटवर तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय आत घेत नव्हते. मीही माझा मोठा जाड रुमाल बांधूनच परीक्षा घेतली. एकेकाला समोर बसवायचं, बाकीचे मागे बसून ऐकणार, असा प्रकार.

हे बसले. मी विचारलं, तुमचं मशीन किती वाजता सुरू होतं? हे म्हणाले, "माझं नाव सहदेव." मागे कोणीतरी हसलं. मी विचारलं, तुम्ही कुठे राहता? हे म्हणाले, "मी फिटर आहे." वन्सं, मला दिसत होतं काय झालंय ते. वर्गात आम्ही ज्या क्रमाने प्रश्न घोकले होते त्या क्रमाने हे उत्तरं देत होते. आपल्या शाळांमधून आपण दुसरं शिकतो तरी काय? अपेक्षित प्रश्न आणि अपेक्षित उत्तरं.

प्रत्येकाला मी एक प्रश्न मुद्दाम पुटपुटत, भरभर विचारते. तो कोणालाच कळू नये असाच विचारते. त्या वेळी माणसाने म्हणायचं, "रेपीता, पोर फाव्होर", म्हणजे 'कृपा करून पुन्हा सांगा'. नवशिक्याला सगळं कळलंच पाहिजे असं नाही, पण कळलं नाही हे सांगता आलंच पाहिजे. परक्या मुलखात त्या एका वाक्यावर माणूस तरून जातो. नाथाची वही म्हणजे वडे गुंडाळायच्या लायकीची, पण तो वर्गभर "काय बोल्लात बाई? परत बोला ना" करत असतो. परीक्षेतही त्याने चारदा 'पुन्हा सांगा' म्हटलं आणि सगळी उत्तरं बरोबर दिली. बहुतेक सगळ्यांनी ते म्हटलं.

हे नाही म्हणाले. मी पुटपुटले, आणि हे ताठ बसून म्हणाले, "मला एक बहीण आहे."

सगळे हसले. नाथा तेवढा हसला नाही.

मी काय लिहायचं होतं, सांगा? 'अजून नाही' लिहिलं. संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं, "मॅडम, शंभर टक्के हजेरी, वही बघा कशी, घरचाच माणूस, थोडं वरखाली करा की." मी म्हटलं, घरचा आहे म्हणूनच करता येत नाही. उद्या तिथे जाऊन कोणी विचारलं मशीन बंद करू का, आणि यांनी सांगितलं मला एक बहीण आहे, तर?

हे वाक्य मी बाहेर यांच्यासमोर नव्हतं म्हटलं. पण हे दारात उभे होते.

तेव्हापासून घरात बोलणं नाही. जेवतात, ताट धुऊन ठेवतात, बाहेर गॅलरीत जाऊन बसतात. पुन्हा परीक्षा द्या म्हटलं, अजून दिवाळीपर्यंत मुदत आहे. हे ताट घेऊन उठले. कारखान्यात 'बायकोने नापास केलेला' म्हणून हाक मारतात म्हणे. मला काय आनंद झाला असेल? नोकरी गेली तर माझ्या दादरच्या शिकवण्यांवर घर चालेल का, हे मलाही कळतं.

तुम्ही लिहिलंत, "नवऱ्याला जपता येत नसेल तर तुझ्या शिकण्याचा उपयोग काय?" वन्सं, जपायला माणसाने आधी आपल्याशी बोलायला तर हवं. मी इतकी वर्षं या घरात बोलते आहे. एकदा तर आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट बोलले होते. तिचंही उत्तर मला अजून यायचं आहे. जाऊ दे. तो विषय नाही.

प्रकृतीस जपा.

आपली,
सौ. शालिनी


ठाणे,
गुरुवार, १३ ऑक्टोबर १९९४

वन्सं,

आज नमस्कार लिहायला हात वळत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोठ्यांना असं लिहू नये हे मला समजतं. तरी लिहिते. पूर्ण वाचा, मध्येच ठेवून देऊ नका.

काल अष्टमीला टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गेलो होतो. दर वर्षी जातो म्हणून गेलो, बोलणं नव्हतंच. नाथा आणि त्याची बायको जनी बरोबर होते. प्लेगची भीती ओसरलेली, त्यामुळे गर्दी दुप्पट. भोंगे असे लागले होते की जनी माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. हे गर्दीत पुढे गेले, पलीकडे फुलांच्या गाडीपाशी उभे राहून मागे वळून आमच्याकडे बघत होते. तेवढ्यात कोणाचा तरी पाय पडून माझ्या चपलेचा अंगठा निघाला. मी आपली स्वतःशीच म्हणाले, "मेली चप्पल तुटली वाटतं."

हे गर्दी कापत आले आणि खाली वाकून माझी चप्पल बघायला लागले.

मी बघतच राहिले. माझं मलाही ऐकू आलं नव्हतं. मग काय सुचलं कोण जाणे, मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून स्पॅनिशमध्ये विचारलं, मशीन किती वाजता सुरू होतं? हे पटकन म्हणाले, "सातला." तेही स्पॅनिशमध्येच. कुठे राहता? "ठाण्याला, खाडीजवळ." घरी किती माणसं? "दोघं." उलटसुलट विचारलं, मध्येच नवीन घातलं, एकही उत्तर चुकलं नाही. जनी म्हणाली, "अगं बया, ही दोघं काय करतायत?"

मग मी पदर तोंडावर धरला आणि तोच प्रश्न मोठ्याने ओरडून विचारला.

यांनी माझ्या पदराकडे बघितलं. मग माझ्या डोळ्यांकडे. आणि यांना कळलं की मला कळलं. वन्सं, चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा मी बघितलाय, पण असा उतरलेला चेहरा बघितला नव्हता. मी घरी येईपर्यंत रडत होते आणि हे माझी तुटकी चप्पल हातात घेऊन शेजारून चालत होते.

घरी आल्यावर सांगितलं सगळं. सांगितलं म्हणजे मी एकेक विचारत गेले, समोर बसून. लहानपणी कान वाहायचा, उजवा तेव्हाच गेला. डावा बरा होता, तो इतकी वर्षं मशिनांच्या आवाजात हळूहळू गेला. आता माणसाच्या तोंडाकडे बघून, पुढे काय विचारणार याचा अंदाज बांधून चालवतात. टेलिफोन आला की नेहमी "तू बोल" का म्हणतात ते काल समजलं. परीक्षेत माझं तोंड रुमालात होतं, म्हणून पाठ केलेल्या क्रमावर सोडून दिलं.

"मग 'पुन्हा सांगा' का नाही म्हणालात?" मी विचारलं. "ते तर पाठ होतं ना?"

म्हणाले, "एकदा पुन्हा सांगा म्हटलं की माणूस पुन्हा सांगतो. मग तिसऱ्यांदा विचारावं लागतं. मग तो बघतो कानाकडे. आक्काची शपथ आहे."

वन्सं, तुम्ही लग्नाआधी यांना शपथ घातलीत, "तिला किंवा कोणालाही कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील." आईविना पोराला तुम्ही वाढवलंत, तुमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ते इतकं शब्दाला शब्द धरून पाळतील हे तुम्हालाही ठाऊक असणार. मला बघायला आलात तेव्हा तुम्ही यांच्या डाव्या बाजूला बसला होतात आणि माझ्या बाबांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न "सहदेव, विचारतायत पगार किती, सहदेव, विचारतायत गावी कधी जातोस" असा पुन्हा म्हणून दाखवत होतात. माझी आई म्हणाली होती, नणंद भारी ठसक्याची आहे, भावाला बोलू देत नाही. मी ते आजपर्यंत खरं मानत होते.

कान अधू म्हणून मी नकार दिला असता का? कदाचित दिला असता. खोटं कशाला बोलू? वीस-बावीस वर्षांची होते, दिला असता. पण मग निदान मी ज्याला नकार दिला तो माणूस मला ठाऊक असता. मी ज्याच्याशी संसार केला तो तर मला काल भेटला.

आता कामाचं. हे म्हणतात, "परत परीक्षा घे, तोंड उघडं ठेव, बाकी मी बघतो." मी तशी घेतली तर हे पहिले येतील. मी 'जमतं' लिहीन, स्पेनला जातील, नोकरी राहील. आणि तिथे मशीनच्या मागून कोणी ओरडलं, "हात काढ", तर? त्या माणसाचं तोंड यांना दिसणार आहे का? मी लिहू कसं? आणि 'अजून नाही' लिहिलं तर जुनी मशिनं गेली की हे घरी बसणार, बेचाळिसाव्या वर्षी, गॅलरीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर येत नाहीत. साहेबांना सांगा म्हटलं तर मान हलवतात. दोन्हीकडे तुम्ही उभ्या आहात.

मी यांना सोडवू शकत नाही. शपथ तुमची आहे, ती तुम्हीच सोडवायची. पत्रातून नको, पत्रावर विश्वास ठेवायचे नाहीत, मीच तुमच्या नावाने लिहिलं म्हणतील. गुडघा दुखत असला तरी एस.टी.त बसा आणि या.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मी इथे लिहीत नाही.

शालू


ठाणे,
रविवार, ३० ऑक्टोबर १९९४

ती. वन्संना नमस्कार.

खुशालीचं कार्ड मिळालं. एस.टी.ने गुडघ्याचं काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे चांगलाच सुजला असणार.

तुम्ही चार दिवस राहिलात, पण आपण दोघी नीट बोललोच नाही. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की मी बाहेर कपडे काढायला जायची. मला ते कळत होतं, तुम्हालाही कळत होतं. खोपटच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी, यांचं तोंड दोन्ही हातांत धरून तुम्ही म्हणालात, "सुटली रे शपथ, सुटली बाळा, सांग सगळ्यांना." हे मला यांनीच सांगितलं. कंडक्टर बघत होता म्हणे. बेचाळीस वर्षांचा बाळा स्टँडवर रडला आणि हे सांगतानाही रडला.

तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते सांगते.

दुसऱ्याच दिवशी हे स्वतः साहेबांकडे गेले आणि कानाचं सांगितलं. मी बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाले नको. साहेब चांगले निघाले, पण चांगुलपणात गुंता असतो. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, मी काही ऐकलं नाही असं धरतो. तुम्ही 'जमतं' लिहिलंत तर मी नाव पाठवतो. तुमच्यावर आहे." म्हणजे फास पुन्हा माझ्याच गळ्यात.

मी यांना म्हटलं, परीक्षा घेते, पण कँटीनमध्ये नाही. मशीनपाशी, मशीन चालू ठेवून. तिथे जसं होईल तसं. वाटलं, चिडतील. तर म्हणाले, "बरोबर आहे. तिथेच घे."

मंगळवारी घेतली. खात्यातली सगळी माणसं जमा झाली, कामं सोडून. मशीनचा आवाज एवढा की माझ्याच छातीत धडधडत होतं. मी मुद्दाम मशीनच्या पलीकडे, यांच्या उजव्या हाताला, अर्धवट पाठ करून उभी राहिले. वन्सं, सख्ख्या नवऱ्याशी असं वागताना काय वाटतं ते लिहिता येत नाही. मी प्रश्न विचारला.

हे माझ्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा म्हणणार मला एक बहीण आहे, आणि मी इथेच खाली बसणार.

मग यांनी हात वर केला. ट्रॅफिक पोलीस करतो तसा. आणि अख्ख्या खात्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने स्पॅनिशमध्ये म्हणाले, "ऐकू येत नाही. इकडे या, या बाजूला. पुन्हा सांगा."

'पुन्हा सांगा' मी शिकवलं होतं. 'इकडे या'ही शिकवलं होतं. पण 'ऐकू येत नाही' हे मी वर्गात कधीच शिकवलं नव्हतं. ते यांनी माझ्या डिक्शनरीतून स्वतः शोधून काढलं होतं. मी मशीनला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा हात वर केला, पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा विचारलं. मग उत्तर दिलं, बरोबर दिलं. पुढचा प्रश्नही तसाच, दोनदा विचारून. कोणी हसलं नाही. नाथा म्हणाला, "बाई, आता लिवा की ओ, रडताय काय!"

मी 'जमतं' लिहिलं. दया म्हणून नाही. ज्याला समजलं नाही ते समजलं नाही म्हणून सांगता येतं, त्याला मशीनपाशी उभं करायला मला भीती वाटत नाही.

खाली माझ्या हाताने एक ओळ घातली: उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोलावं. साहेब म्हणाले, "ही ओळ कशाला?" मी म्हटलं, तीही त्याच परीक्षेतली आहे. ती ओळ कंपनीच्या डॉक्टरांनी वाचली आणि यांचं स्पेनला जाणं रद्द झालं. तुमच्यापासून लपवत नाही. नाव माझ्या ओळीमुळे गेलं. पण जानेवारीत मशीन बसवायला तिथला माणूस इथे येणार आहे, त्याच्या हाताखाली यांना घेतलं आहे, आणि तसं कागदावर दिलं आहे. नोकरी आहे. स्पेन नाही. नाथा जातोय. हे काल त्याला स्वेटर द्यायला गेले होते आणि परत येऊन बराच वेळ गॅलरीत बसले होते. वाईट वाटलंय, आणि ते माझ्याशी बोलले, "वाईट वाटलं" असं तोंडाने म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानाला यंत्र दिलं आहे. सध्या घरात दिवसभर "काय म्हणालीस?" चालू असतं. भाजीत मीठ कमी नाही हेसुद्धा मला तीनदा ओरडून सांगावं लागतं आणि तीनदा ओरडून भांडावं लागतं. खालचे लोक म्हणतात, या दोघांचं आताशा फार वाजतं.

आता ते, जे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

लग्नाला तीनेक वर्षं झाली होती. मी आईबरोबर डॉक्टरकडे गेले होते आणि त्यांनी सांगितलं की मला मूल होणार नाही. संध्याकाळी हे आले तेव्हा वीज गेलेली होती. हे गॅलरीत बसले, मी शेजारी बसले, उजव्या बाजूला. अंधारात सगळं सांगितलं. सांगायला दिवसभर शब्द जमवले होते. हे सदऱ्याने वारा घेत म्हणाले, "आज फार उकडतंय."

मी उठून आत गेले. पुन्हा तो विषय मी काढला नाही, यांनीही काढला नाही. तुम्ही दर गणपतीला माझी ओटी भरताना विचारायचात, "काही आहे का गं?" आणि मी यांच्याकडे बघायची, आता तरी हे काही बोलतील म्हणून. मी मनाशी पक्कं केलं होतं की या माणसाला माझं दुःख ऐकायचंच नाही. त्या एका वाक्यावर मी बारा वर्षं काढली, वन्सं. आणि हे समजत होते की मूल नाही म्हणून मीच यांना दोष देऊन गप्प बसले आहे, म्हणून विचारायला धजले नाहीत.

परवा मी गॅलरीतला दिवा लावला, यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. अगदी तेव्हा सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत. माझे ते शब्द पाठ होते. यांनी डोळे न हलवता ऐकलं आणि म्हणाले, "पुन्हा सांग." मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मी यंत्राकडे हात नेला तर तो धरला आणि म्हणाले, "ऐकू आलं. तरी पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

एस.टी.त चढताना तुम्ही विचारलंत, "शालू, राग गेला का?" आणि गाडी सुटली. गेलेला नाही, वन्सं. तुम्ही भावासाठी केलंत हे समजतं, तरी गेलेला नाही, आणि कधी जाईल ते मला सांगता येत नाही. पण भाऊबीजेला या. ओवाळून झालं की एकदा त्या गॅलरीत माझ्यासमोर बसा. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि ते पत्रात होत नाही.

वाट बघते.

तुमची,
शालू